धाकटीच्या झोपेचे तास

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात आमच्या दवाखान्यात पटकी, म्हणजे कॉलरा, आली, असं मी म्हणते. कागदावर ती कधीच आली नाही. कागदावर 'गॅस्ट्रो' लिहायचं, असा वरून निरोप होता. आम्ही लिहायचो. नाव काही लिहा, माणूस तसाच तासातासाला आटत जायचा. सकाळी चालत आलेला गडी दुपारी ओळखू यायचा नाही. डोळे खोल गेलेले, गालफडं वर आलेली, बोटं दिवसभर धुणं धुतल्यासारखी सुरकुतलेली. आवाज तर असा बसायचा की पाणी मागितलं तरी कान तोंडाजवळ न्यावा लागे.

आमचा तालुका नगर जिल्ह्याच्या पूर्वेला, पाथर्डीच्या अंगाचा. तिकडे चांगल्या सालीही पाऊस हात राखूनच पडतो, आणि त्या वेळी तर दुष्काळ होता. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत, नाल्यांना बांध घालत. टँकर येऊन कोरड्या विहिरीत पाणी ओतायचा आणि लोक ते पोहऱ्याने परत वर काढायचे, तळाच्या गाळासकट. तेच पाणी कामावरच्या रांजणात जायचं. मग एकेका कामावरून बैलगाडीत, कधी ट्रकमध्ये घालून आठ-आठ दहा-दहा माणसं आणत. दवाखान्यात खाटा कितीशा असणार! सुट्टीमुळे शाळा मोकळी होती, ती ताब्यात घेतली. तीन वर्गांचा वॉर्ड झाला. खाटांच्या नवारीला मधोमध भोक पाडायचं आणि खाली बादली ठेवायची. एवढंच. बाकी भिंतीवर बाराखडी आणि फळ्यावर सुविचार होता तसाच होता.

हेडमास्तरांची खोली आम्हा नर्सांना झोपायला मिळाली. आम्ही तिघी होतो. मोठ्या बाई पंचेचाळिशीच्या, विधवा, नोकरीत मुरलेल्या. त्या कधी आवाज चढवत नसत, आणि कधी कुणाची कीवही करत नसत. मधली मी, सव्वीस वर्षांची. मी नगरच्या मिशनच्या बोर्डिंगात वाढले. चाळीस मुली एका हॉलमध्ये, आणि घंटा झाली की डोळे मिटायचे. त्यामुळे झोपेच्या बाबतीत मी जनावरासारखी होते. पाठ टेकली की संपलं. आणि तिसरी धाकटी. ती अकोले तालुक्यातली, भंडारदऱ्याच्या वरच्या डोंगरातली. ट्रेनिंग संपवून नुकतीच लागलेली, एकवीसही पुरी नव्हती. तिच्या पाड्यातली शिकून नोकरीला लागलेली ती पहिली मुलगी. हे ती मोठेपणाने सांगत नसे, पण दर आठवड्याला पत्राच्या पाकिटावर पाठवणाऱ्याच्या जागी नावापुढे 'नर्स' असं लिहायची. मी एकदा बघितलं आणि हसले. म्हटलं, पोस्टमनला इंजेक्शन द्यायचंय का?

खोलीत खाट एकच होती. महाराष्ट्राच्या नकाशाखाली एक लोखंडी खाट. मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी वेळापत्रक केलं आणि दाराला आतून चिकटवलं. दोघी वॉर्डात, एक खाटेवर. सकाळी सहा ते दुपारी दोन धाकटी, दोन ते रात्री दहा मी, आणि दहा ते सहा मोठ्या बाई. रात्रीची झोप त्यांनी स्वतःला ठेवली यात कुणाला काही वाटलं नाही, त्या मोठ्या होत्या. त्या आठ तासांतच अंघोळ, जेवण, कपडे, सगळं. याला आम्ही 'नंबर' म्हणायचो. नळावर असतो तसा झोपेचा नंबर. ज्याचा नंबर लागला त्याने आत जायचं, आधीच्याला उठवायचं आणि त्याच्याच ऊबदार गादीवर पडायचं. उठवलेलीने कुरकुर करायची नाही. हा एकच नियम होता आणि तो आम्ही देवासारखा पाळला.

पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्या आठवड्यात धाकटी सकाळी आठलाच खोलीतून बाहेर आली. मी एकाला सुई लावत होते. "झोप येत न्हाई, बाई," ती म्हणाली. मोठ्या बाई म्हणाल्या, "येत नसेल तर बाटल्या उकळायला ठेव." तिने ठेवल्या. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. डोळे मिटले की बादलीत पडल्याचा आवाज येतो, म्हणायची. मी म्हटलं, अगं, तो खराच येतोय, भिंतीपलीकडे वॉर्डच आहे. ती हसलीसुद्धा.

मग एकदा कपडे पिळता पिळता तिने मला सांगितलं. घरी त्यांची एकच खोली. चुलीपासून दारापर्यंत सगळे ओळीने निजत. आईबाप, आजी, पाच भावंडं, कडेला शेरडाची पिल्लं. नर्सिंगच्या होस्टेलातही तिने आणि मैत्रिणीने दोन खाटा जोडून घेतल्या होत्या. एकटी म्हणून ती जन्मात कधी झोपली नव्हती. "बाई, तुमी नुसतं दहा मिनिटं जवळ पडाल? डोळा लागेपर्यंत. मग जावा तुमी."

मी तिच्याकडे असं बघितलं की जणू तिने माझ्या ताटातली भाकरी मागितली. म्हटलं, "तू काय कुक्कुलं बाळ आहेस? इथे माणसं मरतायत आणि तुला अंगाई पाहिजे?" तिने पिळलेली साडी झटकली आणि दोरीवर टाकली. पुन्हा तिने मला ते कधी विचारलं नाही.

खोटं कशाला बोलू, मला दहा मिनिटं जड नव्हती. वॉर्डात मी बादल्यांच्या वासापासून लांब म्हणून दहा मिनिटं व्हरांड्यात उभी राहायचीच की. पण तिने मागितलं याचाच मला राग आला. आम्हाला कुणी जवळ घेतलं होतं? बोर्डिंगात ताप आला तरी मेट्रन दारातून विचारायची. आपल्याला जे मिळालं नाही ते दुसऱ्याने बिनदिक्कत मागावं, याचा एक विचित्र संताप असतो. तो मला भरपूर होता.

आता माझी भाची नर्स आहे. कोरोनाच्या दिवसांत ती फोन करून रडायची. मावशी, झोपच लागत नाही, घरी गेल्यावरही मॉनिटरचा आवाज येतो. त्यांना कसले कसले फॉर्म भरायला दिले होते, किती तास झोपता, मध्ये किती वेळा जाग येते, जगावंसं वाटतं का. ती त्याला डिप्रेशन म्हणते आणि गोळी घेते. चांगलं करते. आमच्याकडे या गोष्टीला शब्द होता तो 'थेरं'. फार झालं तर 'नाटकं'. धाकटी केस विंचरेनाशी झाली तेव्हा आम्ही ते म्हटलं. ताटावर बसून नुसती भाकरी कुस्करायची तेव्हा म्हटलं. फिनेलच्या पाण्यात हात इतके धुवायची की बोटांची पेरं फाटली, तेव्हाही म्हटलं. बाटल्या बदलताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं, पण चेहरा जराही हलत नसे. रोग्यांना वाटायचं घाम आहे. मी तिला घुबड म्हणायला लागले. कंपाउंडरने ते उचललं, मग वॉर्डबॉयने, शेवटी एका रोग्याच्या बायकोनेही विचारलं, त्या घुबडबाई कुठं हायेत? तिला वाटलं आडनाव असेल. आम्ही पोट धरधरून हसलो. त्या दिवसांत हसायला फार थोडं होतं, म्हणून एवढं पुरलं.

आणि मग मला ते सुचलं. सुचलं म्हणजे काय, समोरच होतं. खाट सकाळची रिकामी पडते. आठ तासांपैकी ती तासभरही झोपत नाही, पडून छताकडे बघते. आणि मी मात्र वॉर्डात पेंगत उभी. मी तिला म्हटलं, "तुझा नंबर वाया घालवतेस. तुला झोप येत नाही, मला येते. बारानंतर मला दे." ती लगेच हो म्हणाली. तिला बरंच वाटलं असावं, त्या खोलीतून सुटका झाली म्हणून. चार दिवसांनी मी बाराचे अकरा केले. मग दहा. दहाला मी आत जायची आणि ती बाहेर यायची. मी दहापासून रात्री दहापर्यंत खोलीची मालकीण. जेवायचं, निवांत केस धुवायचे आणि झोपायचं. आयत्या बिळात नागोबा म्हणतात तो मीच. ती सकाळचे चार तास खोलीत, बाकी वीस तास पायांवर.

मोठ्या बाईंना हे माहीत होतं. मी त्यांना विचारलंच होतं. त्या म्हणाल्या, "वॉर्डात जागं माणूस असलं की झालं. कोणतं का असेना." दाराचा कागद मात्र त्यांनी बदलला नाही.

एकट्या मावशीने तोंड उघडलं. मावशी म्हणजे आमच्याकडे बादल्या उचलायला ठेवलेली गावातली म्हातारी. तिच्याशिवाय वॉर्ड अर्धा दिवसही चालला नसता, म्हणून तिला कुणी काढत नव्हतं, आणि म्हणूनच ती कुणाला भीत नव्हती. ती मला व्हरांड्यात गाठून म्हणाली, "बाई, ती पोरगी बादलीकडं बघून बोलती. म्या आयकलं. तिला निजवा, न्हाईतर ती हातची जाईल."

मी म्हटलं, "मावशी, तुम्ही तुमच्या बादल्या बघा."

"बादल्या बघतीच हाय," ती म्हणाली. "तुमीबी जरा मानसाकडं बगा."

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, सकाळी दहाला, मी माझा नंबर घ्यायला गेले. दार लोटलेलं होतं. आत जायच्या आधीच मला घोरण्याचा आवाज आला. लहान मुलाचं नाक चोंदल्यावर येतं तसलं हलकं घोरणं. मला वाटलं मोठ्या बाई परत येऊन पडल्या की काय. दार ढकललं तर खाटेवर धाकटी झोपलेली. तोंड उघडं, एक पाय खाली लोंबत. आणि तिच्या पाठीला पाठ लावून, खाटेच्या कडेला कशीबशी मावशी आडवी झालेली. एक हात तिने खाली फरशीवर टेकला होता, पडू नये म्हणून.

मावशीने मला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मग अगदी हळू म्हणाली, "आत्ता कुठं डोळा लागलाय. तीन हप्त्यानं. जाऊ द्या, बाई. आजच्या दिस तुमी भाईर काढा."

मी दारात उभी होते. बाहेर टळटळीत ऊन, आणि मी रात्री दहापासून उभी होते हे खरं आहे. पण धाकटी तर आदल्या सकाळी दहापासून पहाटे सहापर्यंत उभी होती. हे मला त्या क्षणी ठाऊक नव्हतं असं नाही. मला सगळं ठाऊक होतं. मला फक्त एवढंच वाटलं की माझी झोप चोरीला जातेय. ते तास तिचे होते, कागदावर अजून तिच्याच नावावर होते, आणि तरी मला चोर तीच दिसत होती. वर आमच्या गादीवर बादल्यांची मावशी. चोराच्या उलट्या बोंबा कशा असतात ते मला चांगलं माहीत आहे, मी आतून ऐकल्यात.

"मावशी, उठा. बादल्या भरल्यात," मी म्हटलं. आवाज मुद्दाम मोठा काढला. आणि खाटेजवळ जाऊन धाकटीचा खांदा धरून हलवला. "दहा वाजले."

ती एकदम उठली नाही. आधी तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहून हसली. घरी कुणीतरी उठवतंय असं वाटलं असेल. मग ते हसू गेलं. "हो बाई," म्हणाली. पाय खाली सोडले, पण उभी राहायला तिला दोनदा प्रयत्न करावा लागला. जाता जाता तिने वळून चादरीची सुरकुती काढली आणि उशी झटकून ठेवली. माझ्यासाठी. मावशी माझ्याकडे न बघता तिच्यामागून गेली. गादी ऊबदार होती. मला झोप लागायला मिनिटही लागलं नसेल.

दुपारी तीनच्या सुमाराला आरडाओरडा ऐकून मला जाग आली. तशीच उठून दुसऱ्या वर्गात गेले.

कोपऱ्यातल्या खाटेवर सकाळी आणलेली बाई होती. खडीच्या कामावरची, विशीची, हातात हिरवा चुडा. उशाशी तिचा नवरा. खाटेच्या या बाजूला स्टुलावर धाकटी बसलेली, त्या बाईचं मनगट हातात धरून. छातीला लावलेलं घड्याळ दुसऱ्या हातात. ओठ हलत होते. वर टांगलेली बाटली पार कोरडी, नळीत रक्त चढून गोठलेलं. डॉक्टर तिच्या हातातून ते मनगट सोडवून घेत होते आणि ती सोडत नव्हती. "थांबा," ती म्हणत होती, "मिनिट व्हायचंय अजून."

बाई कधीच गेली होती. बोटं ताठ व्हायला लागली होती.

खाटेला अडकवलेल्या कागदावर धाकटीच्या अक्षरात दोन वाजताची नाडी लिहिली होती, एकशे बारा. अडीचची लिहिली होती, एकशे बारा. अक्षर वळणदार, ओळ सरळ. ती डोळे उघडे ठेवून झोपली होती की जागेपणी मोजत होती, ते मला कधीच कळलं नाही. तिलाही सांगता आलं नसतं. मोठ्या बाई तेव्हा तिसऱ्या वर्गात होत्या. तिकडे एकाच वेळी चौघांची अवस्था बिघडली होती. त्यांनी एकदा डोकावून पाहिलं होतं. सिस्टर रोग्याचा हात धरून बसली आहे. यापेक्षा चांगलं काय दिसायचं?

नवरा ओरडत नव्हता. ओरडत होते ते त्याच्या कामावरचे लोक. तो आपला प्रत्येकाला तेच सांगत होता. "बाई हात धरून हुत्या. म्या म्हनलं, हात धरल्यात म्हंजी बरं हाय. म्या उटलोबी न्हाई जाग्यावरनं. बाई हात धरून हुत्या."

ती बाई वाचली असती का, हे डॉक्टरांनाही ठामपणे सांगता आलं नाही. उशिराच आणली होती, म्हणाले. ते वाक्य मी पुढे कित्येक वर्षं जपून वापरलं. पण उशिरा आणलेल्या इतर बायका आमच्याकडे वाचल्या होत्या, बाटली वेळेवर बदलली की वाचायच्या. हे नर्सला सांगावं लागत नाही.

तीन दिवसांनी नगरहून साहेब आले. पहिलीच्या वर्गात मास्तरांच्या खुर्चीवर बसून त्यांनी चौकशी केली. माणूस वाईट नव्हता. धाकटी बाकावर बसली होती, मुलांचा बाक, तिचे गुडघे वर आलेले. साहेबांनी दाराचा कागद मागवून घेतला. सहा ते दोन, आठ तास. त्यांनी मोठ्या बाईंना विचारलं, वेळापत्रक पाळलं जातं का? मोठ्या बाई म्हणाल्या, "मी केलंय ते वेळापत्रक." उत्तर झालं की नाही हे साहेबांनी पाहिलं नाही. मग मला विचारलं, "यांना विश्रांती मिळत होती का?"

मावशी दाराबाहेर बादली घेऊन उभी होती. तिला आत कुणी बोलावलं नव्हतं. तिची सावली मला जमिनीवर दिसत होती.

मी म्हणाले, "वेळ मिळत होता, साहेब. त्या झोपत नव्हत्या."

एकेक शब्द खरा. बोर्डिंगात आम्हाला खोटं बोलायला शिकवलं नव्हतं. साहेबांनी धाकटीकडे पाहिलं. "बरोबर आहे का हे?" मला वाटलं आता ही बोलणार. दहाचं बोलणार, मावशीचं बोलणार, मी खांदा हलवला ते बोलणार. ती माझ्याकडे पाहत होती. तिच्या नजरेत राग असता तर मी आजही तिच्याशी मनातल्या मनात भांडू शकले असते. राग नव्हता. ती जणू आठवून बघत होती की खरंच कसं होतं ते. मग म्हणाली, "व्हय साहेब. मला झोप येत नव्हती."

तिला कामावरून कमी केलं. 'मानसिकदृष्ट्या अपात्र' असा काहीसा शेरा होता, म्हणजे पुढे सरकारात कुठेच घेणार नाहीत. तिच्या जागी कुणी आलं नाही. मोठ्या बाई आणि मी, दोघींनीच उरलेला महिना काढला, बारा-बारा तास. मी त्याही दिवसांत झोपत होते. छान झोपत होते. मला वाटतं, हे सगळ्यात वाईट आहे. लोकांना अपराधाने झोप लागत नाही म्हणतात. मला तसा काही त्रास झाला नाही.

न्यायला तिचा बाप आला. एस.टी.ने दोन गाड्या बदलून आला होता, कमरेला पंचा आणि डोक्याला मुंडासं. मुलीला काय झालंय ते त्याला कुणी नीट सांगितलं नव्हतं. तो तिची ट्रंक खांद्यावर घेऊन उभा राहिला. मग मला दिसताच ट्रंक खाली ठेवून त्याने हात जोडले. "पोरगी पत्रात लिवायची. मधल्या बाई हायेत म्हनून निभतंय म्हनं. लई उपकार झाले तुमचे." मी म्हटलं, "अहो, उपकार कसले." काय सभ्य वाक्य आहे. अजून माझ्या कानात आहे.

पुढच्या वर्षी देवीचे रोगी शोधायच्या मोहिमेत मला महिनाभर अकोल्याकडे पाठवलं. घरोघरी जायचं, चित्र दाखवायचं, असं कुणाच्या अंगावर आलंय का विचारायचं. भंडारदऱ्याच्या वरच्या पाड्यांवर एका दुपारी तिच्याच घरी जाऊन पोहोचले. मी ठरवून गेले नव्हते, आणि कळल्यावर टाळलंही नाही. भातलावणी चालली होती. ती चिखलातून वर आली, पोटऱ्यांपर्यंत भरलेली, साडीचा काष्टा घातलेला. चांगली भरली होती. केस नीट विंचरलेले. मला ओळखून ती खरंच आनंदली. तिने मला आत नेलं, काळा चहा केला.

तिची आई चुलीशी होती. तिनेच सांगितलं. "आनली तवा मानूस नव्हतं ते, बाई. मी कुशीत घिऊन निजले. दोन दिस, दोन राती. मुतायला तेवढी उटली. तिसऱ्या दिशी उटली अन् म्हनली, आये, भूक लागली. मग बरीच झाली की. दोन दिस निजली, बास." तिने दोन बोटं दाखवली.

दोन दिवस. एवढंच काय ते तिला लागणार होतं. मी कप खाली ठेवला. त्या घरात भिंतीला खुंटीवर तिचा नर्सचा पांढरा पट्टा लटकत होता. त्या पट्ट्याने रात्री शेरडाचं पिल्लू बांधतात हे तिच्या धाकट्या भावंडाने मला कौतुकाने सांगितलं. मी विचारलं, "पुन्हा नाही का कुठे अर्ज केलास? खाजगीत घेतात." ती म्हणाली, "केला हुता, बाई. शेरा बघतात." मग हसून म्हणाली, "आता कुनाची नाडी धरवतबी न्हाई."

ती मला बांधापर्यंत सोडायला आली. पाऊस भुरभुरत होता, मी छत्री उघडली. माझ्या मनात होतं ते बोलायचं. महाराष्ट्रातल्या सगळ्या वाटा चालून मी त्यासाठीच तिथे आले होते असं मला तेव्हा वाटत होतं. तोंड उघडलं आणि नुसतं म्हटलं, "त्या दिवशी सकाळी मी तुला..."

तिने मला पुढे बोलू दिलं नाही. "ते होय," ती म्हणाली. "अवो बाई, मी झोपलेच नव्हते त्या दिशी. नुसते डोळे मिटले हुते. मावशीला बरं वाटावं म्हनून. तुमी काय मनाला लावून घिऊ नका."

मी तिचं घोरणं दाराबाहेरून ऐकलं होतं. डोळे उघडल्यावरचं हसू पाहिलं होतं. तिला ते माहीत होतं आणि मलाही. तीन आठवड्यांत तिला मिळालेली एकुलती एक झोप, तीही ती आता नव्हतीच म्हणून मला देत होती. मी नको म्हणायला हवं होतं. एवढं एक तरी नको म्हणायला हवं होतं.

मी म्हणाले, "हो ना. मलाही तसंच वाटलेलं."